‘पागार’ आणि ‘पगार’

स्पॅनिश भाषेच्या आरंभीच्या धड्यांत जी क्रियापदे विद्यार्थ्याकडून घोकून घेतली जातात, त्यांत ‘पागार’ हे एक असते. अर्थ अगदी व्यवहारातला : पैसे देणे, देणे चुकते करणे. ‘मी देतो’ म्हणजे ‘पागो’, ‘तू देतोस’ म्हणजे ‘पागास’, ‘तो देतो’ म्हणजे ‘पागा’. दिल्लीत ही भाषा शिकण्याची सोय जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे, दिल्ली विद्यापीठात आहे, आणि स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेचे केंद्रही २००९ पासून तेथे चालते. या वर्गांत बसणाऱ्या हिंदी किंवा पंजाबी भाषक विद्यार्थ्याला ‘पागार’ हा शब्द इतर परकीय शब्दांइतकाच नवा असतो. मराठी किंवा गुजराती विद्यार्थी मात्र क्षणभर थबकतो. महिनाअखेरीस ज्या शब्दाची घरोघर वाट पाहिली जाते, तोच शब्द स्पेनमधून कसा आला, असे त्याला वाटते.

दोन दूरच्या भाषांतील शब्द सारखे ऐकू आले म्हणजे ते एकमेकांचे नातलग असतातच असे नाही. भाषाभ्यासात जितकी फसगत या सारखेपणाने केली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल. म्हणून ‘पागार’ आणि ‘पगार’ यांचे नाते मान्य करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत : ध्वनी कसे बदलले, अर्थ कसा सरकला आणि शब्द कोणत्या प्रदेशात आढळतो. या तिन्ही कसोट्यांवर हे नाते टिकते. शिवाय तपासता तपासता असेही दिसून येते की, या शब्दाच्या मुळाशी पैसा नव्हताच; मुळाशी होती शांतता.

लॅटिन भाषेत ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तह. त्याचे षष्ठीचे रूप ‘पाकिस’. या नामापासून ‘पाकारे’ हे क्रियापद तयार झाले. त्याचा अर्थ शांत करणे, तहाला आणणे. रोमन लोकांच्या तोंडी हा शब्द नेहमीच निरुपद्रवी नव्हता. ज्यूलियस सीझर आपल्या युद्धवृत्तांतात गॉल देशाला ‘शांत झालेला’ असे विशेषण याच क्रियापदापासून लावतो, आणि ती शांतता तलवारीने प्रस्थापित झालेली होती. अंकित करणे आणि शांत करणे या दोन कृतींत रोमन सेनापतीला फारसा भेद वाटत नसे. राज्यकर्त्यांच्या भाषेत असा अर्थ सर्वकाळ आढळतो, तेव्हा रोमनांनाच त्याचा दोष देण्याचे कारण नाही.

याच लॅटिन भाषेत पैसे देण्यासाठी मात्र वेगळी क्रियापदे होती. एक ‘सोल्वेरे’, म्हणजे सोडवणे, मोकळे करणे. दुसरे ‘पेन्देरे’, म्हणजे तोलणे, कारण नाणी रूढ होण्यापूर्वी धातू तोलूनच दिला जात असे. सैनिकाच्या वेतनाला ‘स्टिपेन्डिउम’ म्हणत. आज विद्यावेतनासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘स्टायपेंड’ तो हाच. ‘पाकारे’ या क्रियापदाचा पैशाशी संबंध जुळला तो पुढे, साम्राज्य मोडकळीस आल्यानंतरच्या लोकभाषेत आणि मध्ययुगीन दस्तऐवजांत. तेथे ‘पाकारे’चे कर्म पैसा नसून माणूस असे. ज्याचे देणे आहे तो माणूस अस्वस्थ आहे, दारात उभा आहे, तक्रार करतो आहे; त्याला शांत करायचे, त्याचे समाधान करायचे. हे समाधान बहुधा पैसे देऊनच होत असल्यामुळे शांत करणे आणि पैसे देणे हे अर्थ एकमेकांत मिसळले. कालांतराने माणूस मागे पडला व पैसा पुढे आला. इंग्रजीत आजही ‘पे’ या क्रियापदापुढे माणूसही येतो आणि रक्कमही येते. या दोन रचनांपैकी पहिली अधिक जुनी आहे.

केवळ कर्जापुरतीच ही गोष्ट मर्यादित नव्हती. मध्ययुगीन यूरोपात, विशेषतः जर्मानिक टोळ्यांच्या कायद्यांत, खुनाची किंवा जखमेची भरपाई द्रव्याने करण्याची प्रथा होती. मृताच्या कुळाला ठरलेले द्रव्य दिले की वैर संपले असे मानले जाई. आपल्याकडेही वैदिक वाङ्मयात ‘वैरदेय’ हा शब्द जवळपास याच अर्थाने आलेला आहे. द्रव्य देणे म्हणजे वैर शमवणे, ही समजूत ज्या समाजात रोजच्या अनुभवाची होती, तेथे शांततेच्या शब्दाने पैशाच्या व्यवहारात शिरावे यात नवल नाही.

मराठी वाचकाला हा अर्थबदल समजावून सांगण्यासाठी यूरोपात जाण्याचीही गरज नाही. ‘भागवणे’ हे आपले क्रियापद पाहावे. आपण तहान भागवतो, भूक भागवतो, आणि त्याच शब्दाने खर्च भागवतो, देणेही भागवतो. तृप्ती आणि परतफेड यांना जोडणारा धागा येथे उघडाच दिसतो. दुसरे क्रियापद ‘फेडणे’. त्याचा मूळ अर्थ सोडणे, उकलणे. गाठ फेडतात, वस्त्र फेडतात, तसेच ऋणही फेडतात. म्हणजे लॅटिनच्या ‘सोल्वेरे’ने जी कल्पना केली होती, तीच ‘फेडणे’ने केली, आणि ‘पाकारे’ने जी केली, ती ‘भागवणे’ने केली. या भाषांनी ही कल्पना एकमेकींकडून घेतलेली नाही. ऋणको आणि धनको जेथे जेथे समोरासमोर उभे राहिले, तेथे ती आपोआप सुचली असावी.

स्पॅनिश भाषेत या जुन्या अर्थाचे अवशेष पुष्कळ आहेत. इ. स. १२०० च्या सुमाराचे मानले जाणारे ‘सीदचे गीत’ हे स्पॅनिश वीरकाव्य आहे. त्यात ‘पागादो’ हे रूप ‘पैसे मिळालेला’ यापेक्षा ‘संतुष्ट, प्रसन्न’ अशा अर्थाने वारंवार येते. स्वतःवरच खूश असलेल्या माणसासाठी आजच्या स्पॅनिशमध्येही हाच शब्द योजतात. त्याहून उद्बोधक आहे ते ‘आपागार’ हे भावंड. ‘पागार’च्या मागे ‘आ’ लागून झालेल्या या क्रियापदाचा अर्थ विझवणे. तहान ‘आपागार’ करतात, आग ‘आपागार’ करतात, आणि विजेचा दिवाही ‘आपागार’ करतात. समाधान करणे, मग तहान शमवणे, मग आग शमवणे, मग दिवा मालवणे, अशी ही पायरीपायरीने झालेली उतरण आहे. संस्कृतच्या ‘शम्’ धातूची संतती याच्या शेजारी ठेवून पाहावी : शांती, तहानेचे शमन, अग्निशमन. एकाच धातूपासून शांतता आणि आग विझवणे हे दोन्ही अर्थ निघतात, आणि आपल्याला त्यात काही विशेष घडले आहे असे वाटतही नाही.

आता ध्वनींकडे वळू. लॅटिन ‘पाकारे’मधला ‘क’ स्पॅनिशमध्ये ‘ग’ कसा झाला? दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘क’ स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या भाषांत नियमाने मृदू होतो. लॅटिन ‘आमीकुस’ (मित्र) चे ‘आमिगो’ झाले, ‘लाकुस’ (सरोवर) चे ‘लागो’ झाले, ‘सेकूरुस’ (सुरक्षित) चे ‘सेगुरो’ झाले. तसेच ‘पाकारे’चे ‘पागार’ झाले. शेवटचा ‘ए’ गळून पडला. फ्रेंच भाषा याच्याही एक पाऊल पुढे गेली. तेथे हा मधला व्यंजन पुष्कळ ठिकाणी पार नाहीसा झाला : ‘आमीकुस’चे ‘आमी’, ‘सेकूरुस’चे ‘स्यूर’, आणि ‘पाकारे’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘पाइए’. हेच फ्रेंच रूप नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर इंग्लंडात गेले आणि तेथे ‘पे’ झाले.

प्राकृत भाषांचा थोडा परिचय असलेल्या वाचकाला येथे जुन्या ओळखीची खूण पटेल. संस्कृत ‘लोक’ हा शब्द अर्धमागधीत ‘लोग’ होतो आणि माहाराष्ट्रीत ‘लोअ’ होतो. एकीने ‘क’ मृदू केला, दुसरीने तो टाकूनच दिला. म्हणजे या एका बाबतीत स्पॅनिश व पोर्तुगीज यांची चाल अर्धमागधीची, तर फ्रेंचची चाल आपल्या माहाराष्ट्रीची. मराठीत दोन्ही चालींचे नमुने सापडतात, आणि ते एकाच अंगणात : ‘बक’चा बगळा झाला, तर ‘काक’चा कावळा झाला. पहिल्या पक्ष्यात ‘क’चा ‘ग’ शिल्लक राहिला. दुसऱ्यात ‘क’ गेला आणि त्याची रिकामी जागा ‘व’ने भरून काढली.

‘पे’चे इंग्रजीतील इतर आप्त ओळखणे आता सोपे जाते. शांततेसाठीचा ‘पीस’ हा शब्दही ‘पाक्स’पासूनच, परंतु फ्रेंचच्या दुसऱ्या वाटेने आलेला आहे. रागावलेल्याची समजूत घालणे या अर्थाचे ‘अपीझ’ हे त्याचे धाकटे भावंड. १९३८ साली म्यूनिक येथे हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देण्यात आला, तेव्हापासून या बिचाऱ्या शब्दाला जी बदनामी चिकटली ती कायमची. ‘पॅसिफाय’ हा विद्वानांनी सरळ लॅटिनमधून उचललेला शब्द. म्हणून त्यात झीज जवळजवळ नाही. पॅसिफिक महासागराला हे नाव १५२० साली फर्डिनंड मॅगेलनने दिले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळची खवळलेली सामुद्रधुनी ओलांडल्यावर त्याला पुढचे पाणी शांत लागले, एवढेच त्याचे कारण. जन्माने पोर्तुगीज आणि चाकरीने स्पॅनिश असलेल्या या दर्यावर्द्याने महासागराला दिलेले नाव आणि त्याच्या खलाशांच्या वेतनाचा शब्द एकाच मुळाचे आहेत, हे त्याच्या ध्यानी आले असेल असे नाही.

करार या अर्थाचा ‘पॅक्ट’ हाही याच कुळातला. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ आणि ‘पाक्तुम’ यांच्या मुळाशी बांधणे, घट्ट बसवणे असा अर्थ असलेला एक अतिप्राचीन धातू आहे. शांतता म्हणजे दोन पक्षांनी स्वतःला बांधून घेणे, ही त्यामागची कल्पना. संस्कृतमधील ‘पाश’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ याच धातूच्या गोतावळ्यात घालतात. पुस्तकाच्या पानासाठी असलेला इंग्रजी ‘पेज’ही, लॅटिन ‘पागिना’च्या द्वारे, याच धातूपर्यंत पोहोचतो.

मात्र प्रत्येक सारखा दिसणारा शब्द आप्त नसतो. जुन्या लाकडी जहाजांच्या फटींत डांबर भरण्याच्या कामालाही इंग्रज खलाशी ‘पे’ म्हणत. त्याचा वेतनाशी काहीही संबंध नाही. तो डांबरासाठी असलेल्या ‘पिक्स’ या लॅटिन शब्दापासून आला. त्याच ‘पिक्स’पासून स्पॅनिशमध्ये ‘पेगार’ म्हणजे चिकटवणे हे क्रियापद झाले. ‘पागार’ आणि ‘पेगार’ यांत एका स्वराचा फरक आहे, आणि नवशिक्यांची त्यांत हमखास गफलत होते. पण एकाचे मूळ शांततेत तर दुसऱ्याचे डांबरात आहे.

येथपर्यंत आपण यूरोपातच होतो. ‘पगार’ मराठीत आला तो अर्थातच स्पॅनिशमधून नव्हे. स्पॅनिश लोकांनी कोकणात कधी ठाणे वसवले नाही. पोर्तुगीजांनी वसवले. अफोन्सो दे आल्बुकर्क याने १५१० साली गोवा घेतले. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे आली. चौलला त्यांचे ठाणे होतेच. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांना द्यावयाचे ठरले आणि १६६५ साली ती त्यांच्या ताब्यात गेली. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली, चौल १७४० मध्ये गेले, आणि गोवा १९६१ पर्यंत राहिले. एवढ्या दीर्घ सहवासात पोर्तुगीज भाषेने आपल्याला चावी, पाव, बटाटा, काजू, अननस, घमेले, तुरुंग, लिलाव असे कितीतरी शब्द दिले. यांतील काही मूळचे लॅटिन आहेत. काजू आणि अननस अमेरिकेतील आदिवासींच्या भाषांतून आलेले आहेत, तर लिलाव अरबीतून पोर्तुगीजमध्ये गेलेला आहे. पोर्तुगीज भाषेतही ‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद स्पॅनिशप्रमाणेच लिहितात. उच्चारात मात्र एक बारीक भेद आहे, आणि तोच आपल्या उपयोगाचा आहे. पोर्तुगालच्या उच्चारात आघात नसलेला ‘आ’ आखूड होऊन मराठी ‘अ’सारखा ऐकू येतो, आणि आघात असलेला मोकळा राहतो. स्पॅनिशमध्ये दोन्ही ‘आ’ सारखेच स्पष्ट असतात. म्हणून स्पॅनिश ‘पागार’ आणि पोर्तुगीज ‘पगार’. मराठी कानाने जे ऐकले ते तसेच उचलले. (ही कसोटी सर्वत्र लावता येत नाही, हे खरे. ‘काजू’चा पहिला स्वर पोर्तुगीजमध्ये आखूड असूनही आपण तो लांबवला.)

क्रियापद मराठीत येताना नाम कसे झाले, हा प्रश्न उरतो. पोर्तुगीज लोक स्वतः वेतनाला ‘पगार’ म्हणत नाहीत. त्यांच्याकडे ‘सालारिउ’ आहे, सैनिकाच्या वेतनासाठी ‘सोल्दु’ आहे, आणि ‘पागा’ हे नामही आहे. दोन परक्या भाषांची माणसे धक्क्यावर, वखारीत किंवा स्वयंपाकघरात एकमेकांशी तोडकेमोडके बोलू लागली की क्रियापदांची नाना रूपे टाकून दिली जातात आणि शब्दकोशातले मूळ रूपच सगळीकडे चालवले जाते. ‘पगार’ हे असे मूळ रूप आहे. पण ते नाम म्हणून स्वीकारायला मराठी मन आधीपासून तयार होते, असे मला वाटते. ‘देणे’ हे आपले क्रियापदाचे मूळ रूप आहे आणि तेच कर्ज या अर्थाचे नामही आहे. ‘येणे’, ‘घेणे’, ‘लागणे’ यांचेही तसेच. ‘त्याचे माझ्याकडे शंभर रुपये देणे आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘पगार’ म्हणजे ‘देणे’ हे समजावून सांगावे लागले नसेल. मराठीने त्याला पुल्लिंग दिले, ‘पगाराला’, ‘पगाराचा’ अशी रूपे चालवली, आणि तो आपला झाला.

उलट दिशेने काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. रायगड जिल्ह्यात, चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचे गाव आहे. तेथील लहानशा ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजतागायत चालत आली आहे. तिचे बोलणारे तिला ‘आपली भाषा’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा सविस्तर अभ्यास करून १९९६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या बोलीत पोर्तुगीज मुळाची क्रियापदे आपापल्या जुन्या गणांत राहिली. मराठीतून जी क्रियापदे उसनी घेतली त्यांच्यासाठी मात्र ‘उ’ने संपणारा एक निराळा गण निर्माण झाला. मराठीने पोर्तुगीज क्रियापदाला नाम बनवून घरात घेतले. कोर्लईच्या बोलीने मराठी क्रियापदाला क्रियापदच ठेवले, पण त्याला बसायला वेगळी ओसरी दिली.

तिसरी कसोटी प्रदेशाची. ‘पगार’ हा शब्द मराठी, कोकणी आणि गुजराती या पश्चिम किनाऱ्यावरील भाषांत सर्रास आहे. युल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये जो अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, त्यात हा शब्द मुंबईकडच्या घरगुती बोलीतला म्हणून पोर्तुगीज क्रियापदाशी जोडून नोंदवलेला आहे. गोव्यातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह सिद्ध केला; १९३६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर बडोद्याहून निघाले. पश्चिम किनाऱ्यावरील भाषांचे पोर्तुगीजांशी असलेले देणेघेणे समजून घेण्यासाठी या ग्रंथाला अजूनही पर्याय नाही.

किनारा सोडून उत्तरेला गेले की हा शब्द विरळ होत जातो. मुंबईच्या हिंदीत ‘पगार’ आहे, दिल्लीच्या रोजच्या हिंदीत ‘तनख़्वाह’ आहे. जुन्या हिंदी काव्यभाषेत ‘पगार’ आढळतो, पण त्याचा अर्थ तटबंदी, कोट. तो संस्कृत ‘प्राकार’पासून, पुन्हा त्याच ‘क’चा ‘ग’ होण्याच्या नियमाने आलेला आहे. त्याला वेतनाशी जोडणे म्हणजे केवळ ध्वनीला भुलणे होय. अशीच भूल ‘जुगार’ या शब्दाविषयी पडू शकते. खेळणे या अर्थाचे पोर्तुगीज क्रियापद ‘जोगार’ असे आहे, आणि ‘पगार’ पोर्तुगीज तर ‘जुगार’ही पोर्तुगीज असे म्हणण्याचा मोह होतो. पण जेथे पोर्तुगीज कधी पोहोचले नाहीत त्या दिल्लीच्या गल्ल्यांतही ‘जुआ’ आणि ‘जुआरी’ आहेत, आणि त्यांचा उगम संस्कृत ‘द्यूत’, प्राकृत ‘जूअ’ यांत स्पष्ट दिसतो. घरचा रस्ता एवढा सरळ असता समुद्र ओलांडण्याचे कारण नाही.

दिल्लीचा ‘तनख़्वाह’ फारसीतला. ‘तन’ म्हणजे शरीर आणि ‘ख़्वाह’ म्हणजे इच्छिणारे. शरीराला जे हवे ते. मराठीतही हा शब्द ‘तनखा’ होऊन आला, पण त्याचे भाग्य निराळे. संस्थानिकांना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने बंद झालेल्या रकमांना मराठी वृत्तपत्रे ‘तनखे’ म्हणत. दिल्लीत मोलकरणीला मिळते ती तनख़्वाह, आणि मराठीत महाराजांना मिळत होता तो तनखा. शब्द एकच, एका भाषेत तो स्वयंपाकघरात राहिला आणि दुसरीत राजवाड्यात गेला. तनख़्वाहीचे दुसरे नाव ‘तलब’ अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मागणी.

संस्कृतने वेतनासाठी ‘भृति’ हा शब्द योजला. त्यात ‘भृ’ म्हणजे पोसणे हा धातू आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाचे जे प्रकरण आहे, त्याचे नावच ‘भृत्यभरणीय’ असे आहे. त्यात सेनापती, मंत्री, पुरोहित अशा सर्वोच्च श्रेणीला ४८,००० पण, आणि अगदी खालच्या नोकराला ६० पण असे वेतन ठरवून दिले आहे. आठशे पटींची ही दरी पाहून आजच्या वाचकाला जे वाटायचे ते वाटो; येथे आपला विषय शब्दांचा आहे. भृतीत पोसणाऱ्याचा हात वर असतो. तनख़्वाहीत शरीराची गरज बोलते, तलबेत मागणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. ‘पगार’मध्ये, त्याच्या मुळापर्यंत गेले तर, देणाऱ्याच्या शिरावरचे ऋण आहे. ज्याने काम केले त्याचे मालकाकडे काही येणे झालेले आहे, आणि ते मिळेपर्यंत शांतता नाही. पोर्तुगीज मालकाच्या किंवा मराठी मजुराच्या मनात हे सारे होते असे कोणी म्हणणार नाही. शब्द वापरणाऱ्याला त्याचा इतिहास माहीत नसतो, आणि असण्याची गरजही नसते. तरीही पगार ‘थकतो’, ‘तुंबतो’, ‘अडतो’ अशी जी क्रियापदे मराठीने या शब्दाला लावली, ती सर्व ऋणाची आणि वाटेत अडलेल्या प्रवाहाची आहेत; दानाची एकही नाही.

येथे मिठाच्या कथेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण ती अनेक पाठ्यपुस्तकांत शिरली आहे. इंग्रजी ‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘सालारिउम’पासून, आणि तो मिठासाठी असलेल्या ‘साल’ या शब्दाशी संबद्ध आहे, एवढे खरे. परंतु रोमन सैनिकांना वेतन म्हणून मीठ देत असत, या लोकप्रिय विधानाला प्राचीन लेखकांचा स्पष्ट आधार नाही. प्लिनीने मीठ आणि सैनिकी मान यांचा संबंध सुचवला आहे. बाकीची गोष्ट नंतरच्या लोकांनी रंगवली. शब्दांच्या इतिहासात अशा चविष्ट कथा फार, आणि त्या नाकारणाऱ्याला अरसिक म्हणण्याचाही प्रघात आहे.

‘पगार’ मराठीत इतका मुरला की त्याला कोणत्याही भाषेचा प्रत्यय चालतो. ‘पगारदार’मध्ये त्याच्या मागे फारसी ‘दार’ आहे. ‘पगारी रजा’ म्हणताना तो विशेषण होतो. ‘बिनपगारी’ या शब्दात एका बाजूला ‘बिन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ई’ लागून मध्ये रोमन शांततेचा अवशेष बसलेला आहे. आणि ‘बिनपगारी फुल अधिकारी’ ही म्हण ज्याच्या उत्साहाला लागू पडते असा एक तरी माणूस प्रत्येक संस्थेत सापडतोच. सरकारी मराठीने मात्र हा शब्द वर घेतला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी पहिला आयोग १९४६ साली नेमला गेला, तेव्हापासून मराठीत तो ‘वेतन आयोग’ आहे. ‘पगार आयोग’ असे कोणी म्हणाले नाही. गंमत अशी की, त्याचे इंग्रजी नाव ‘पे कमिशन’ असे आहे. म्हणजे संस्कृत शब्दाच्या आदराखातर मराठीने ज्या शब्दाला दाराबाहेर ठेवले, त्याचाच चुलतभाऊ इंग्रजी पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेला आहे.

दिल्लीत नोकरीनिमित्त पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत या शब्दांची वाटणी आपोआप झालेली दिसते. कार्यालयातील अर्जावर ‘वेतन’ लिहिले जाते, कामवाल्या बाईशी ‘तनख़्वाह’ बोलली जाते, बँकेच्या कागदावर ‘सॅलरी’ असते, आणि जेवताना आपसांत विचारले जाते ते ‘पगार झाला का?’ असेच.